विनोद कोणावर, शेवटचा शब्द कोणाचा: सिटकॉममधलं स्त्री-पुरुष चित्रण तपासण्याची पद्धत

सिटकॉममधलं स्त्री-पुरुष चित्रण हा माध्यमशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आवडता विषय आहे, आणि तो फसतो तोही बहुतेक वेळा एकाच जागी. पात्रं मोजली जातात, नोकरी कोण करतं आणि घरी कोण असतं याची यादी होते आणि लगेच निष्कर्ष निघतो. विनोदी मालिकेत मात्र खरं काय ते या यादीत फारसं सापडत नाही. विनोद कोणाच्या जिवावर झाला, प्रसंगातला शेवटचा शब्द कोणाला मिळाला आणि भाग संपल्यावर घर ज्या स्थितीत परत आलं ती कोणाच्या सोयीची आहे, या तीन ठिकाणी ते दडलेलं असतं. खालची पद्धत हे तिन्ही पकडण्यासाठी आहे. पुढचा अर्धा भाग प्रेक्षकांबद्दल आहे: माणसं कोणत्या पात्रात स्वतःला पाहतात, आणि ते त्यांना विचारायचं कसं.

उदाहरणासाठी मुख्यतः 'साराभाई व्हर्सेस साराभाई' घेतली आहे. लेखन आतिश कपाडिया, दिग्दर्शन देवेन भोजानी, 'स्टार वन'वर २००४ ते २००६. मुंबईतल्या कफ परेडचं श्रीमंत घर, सासू माया, सासरे इंद्रवदन, मोठा मुलगा साहिल, त्याची नोएडाहून आलेली बायको मोनिषा आणि धाकटा रोसेश. सासू-सुनेचं भांडण आणि श्रीमंत-मध्यमवर्ग हे भांडण एकाच संवादात चालवणारी ही मालिका आहे. त्यामुळे पद्धतीची परीक्षाही इथे चांगली होते.

भाग निवडताना

एकट्याने काम करत असाल तर १२ भाग पुरे. २०-२२ मिनिटांच्या एका भागाची नीट नोंद करायला दीड ते दोन तास लागतात, म्हणजे सगळं मिळून साधारण १८ ते २४ तासांचं काम. दोघं असाल तर १८ ते २० भागांपर्यंत जा. आवडते भाग निवडू नका. भागांची पूर्ण यादी करा, तिला क्रमांक द्या आणि दर पाचवा किंवा सहावा भाग उचला. सुरुवात कुठून करायची ते चिठ्ठी टाकून ठरवा. आवडत्या भागांत मालिकेतले सगळ्यात धारदार टोमणे गोळा झालेले असतात, आणि निष्कर्ष तिकडेच झुकतो.

मालिका लांब असेल तर पर्वांप्रमाणे वाटणी करायलाच हवी. 'द बिग बँग थिअरी' या अमेरिकन सिटकॉमचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. २००७ ते २०१९, १२ पर्वं, २७९ भाग. पहिल्या पर्वात १७ भाग आहेत आणि मुख्य पात्रांत बाई एकच, पेनी. बर्नाडेट येते तिसऱ्या पर्वात, एमी त्याच पर्वाच्या शेवटच्या भागात. फक्त पहिलं पर्व पाहणारा लिहील की शास्त्रज्ञ पुरुष आणि शेजारची देखणी मुलगी, एवढंच आहे. फक्त शेवटचं पाहणारा लिहील की दोन स्त्रिया शास्त्रज्ञ आहेत आणि एकीला नोबेलही मिळतं. दोघांच्याही नोंदी बिनचूक असतील, मालिकेबद्दलचं म्हणणं मात्र दोघांचंही चुकलेलं असेल. प्रत्येक पर्वातून किमान एक भाग आलाच पाहिजे.

सणाचे, लग्नाचे आणि पाहुणे कलाकार आलेले विशेष भाग वेगळ्या रंगाने खुणावून ठेवा. ते वगळायचे नाहीत, पण बेरीज करताना एकदा त्यांच्यासह आणि एकदा त्यांच्याशिवाय करून पाहा. फरक मोठा आला तर तसं लिहा.

तक्ता

एक ओळ म्हणजे एक विनोद. विनोद कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो यावर वाद होतातच, म्हणून नियम आधी ठरवा: ज्या वाक्यावर किंवा कृतीवर हसू अपेक्षित आहे तिथे विनोद संपला. लागोपाठ तीन टोमणे आले तर तीन ओळी. सगळ्या भागातले सगळे विनोद नोंदवणं जमत नसेल तर प्रत्येक भागातले तीन प्रसंग घ्या, पहिला, मधला आणि शेवटचा, आणि त्यांतला एकही विनोद सोडू नका.

प्रत्येक ओळीत पुढचे रकाने ठेवा:

१. विनोद कोणी केला.
२. विनोद कोणावर झाला. ते पात्र समोर आहे की पाठीमागे?
३. कशावरून: रूप किंवा वजन, वय, अक्कल, घरकाम, पैसा-काटकसर, भाषा-उच्चार, लग्न आणि लैंगिकता, 'बायकीपणा' किंवा 'पुरुषीपणा', आणि शेवटी 'इतर'.
४. समोरच्याने काय केलं: उलट उत्तर दिलं, गप्प राहिला, रागावला, स्वतःही हसला.
५. प्रसंगातला शेवटचा शब्द कोणाचा.
६. जागा: दिवाणखाना, स्वयंपाकघर, बेडरूम, ऑफिस, रस्ता.
७. त्या क्षणी पात्राच्या हातात काय होतं.

सातवा रकाना बहुतेकांना फालतू वाटतो, पण सर्वांत जास्त माहिती त्यातूनच मिळते. चहाचा ट्रे, भाजीची पिशवी, वर्तमानपत्र, रिमोट, फोन, फाइल, की काहीच नाही? संवादात बरोबरी असते आणि हातांत नसते, असं पुष्कळदा होतं. तो भरण्यासाठी प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहावा लागतो. संवाद ऐकू येत असले की डोळे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरच राहतात आणि मागे टेबल पुसणारी बाई निसटते.

तिसऱ्या रकान्यातल्या 'इतर' या वर्गात दहापैकी दोनपेक्षा जास्त विनोद जाऊ लागले तर समजा की तुमची वर्गवारी त्या मालिकेला बसत नाही. तिसऱ्या भागानंतर थांबा, वर्गवारी सुधारा आणि आधीचे भाग पुन्हा भरा. दहाव्या भागानंतर सुधारणा केलीत तर सगळंच पुन्हा करावं लागेल.

'साराभाई'त तिसऱ्या रकान्यात एक अडचण हमखास येते. माया मोनिषाला 'मिडल क्लास' म्हणते तेव्हा तो टोमणा पैशावरून, की घरकामावरून? बहुतेक वेळा दोन्ही. मोनिषाचा पसारा, तिची स्वस्ताईची खरेदी, तिच्या टीव्ही मालिका, या सगळ्याला माया वर्गाचं नाव देते, पण बोट असतं सुनेच्या गृहिणीपणावर. अशा ओळीला दोन खुणा करा आणि दुहेरी खुणांची बेरीज वेगळी ठेवा. त्याच घरात साहिलही राहतो. पसाऱ्याबद्दल त्याला किती वेळा बोललं गेलं, हे मोजायला विसरू नका. तिथे शून्य भरलं तर ते शून्य लिहायचंच. जे कोणी बोललंच नाही त्याची नोंद आपोआप होत नाही.

नावाचीही नोंद ठेवा. मोनिषाचं मूळ नाव मनीषा. मायाला ते नाव खालच्या दर्जाचं वाटतं म्हणून ती ते बदलते, आणि मालिकेत हे गमतीचं आहे. लग्नात तांदळाच्या ताटात सुनेचं नवं नाव लिहिण्याची रीत आपल्याकडे अजून चालू आहे, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला यात विनोदाच्या खाली आणखी काही ऐकू येऊ शकतं. मुलाखतीत यावर प्रश्न ठेवण्यासारखा आहे.

तीन चाचण्या

बेकडेल चाचणी सगळ्यांना ठाऊक असते. अमेरिकन चित्रकार ॲलिसन बेकडेल यांच्या १९८५ मधल्या एका चित्रपट्टीतून ती आली: दोन स्त्रिया हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल. सिनेमासाठी ती उपयोगी आहे. घरगुती सिटकॉममध्ये मात्र ती जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण सासू-सुना सोफ्याच्या कव्हरवर दोन मिनिटं बोलल्या की भाग उत्तीर्ण. ती करा, तक्त्यात एक खूण टाका आणि पुढे जा.

त्यापेक्षा अदलाबदल करून पाहा. विनोद तसाच ठेवायचा आणि दोन्ही पात्रांचं लिंग बदलायचं. 'तारक मेहता का उल्टा चष्मा'मध्ये जेठालाल शेजारच्या बबिताभोवती घुटमळतो, तिचा नवरा अय्यर चिडतो, आणि हा सगळा निरागस गमतीचा भाग म्हणून वर्षानुवर्षं चालला. आता जेठालालची बायको दया शेजारच्या पुरुषाची रोज खिडकीत वाट पाहते आणि जेठालालला त्याचा पत्ता नाही, असं लिहून पाहा. ते त्याच हलक्या सुरात, त्याच संगीतावर चालेल का? चाचणी तोंडी करू नका. चार ओळींचा संवाद खरोखर कागदावर लिहा आणि दोघांकडून वाचून घ्या, कारण नुसत्या कल्पनेत सगळंच चालेलसं वाटतं. विनोद मोडला तर नेमका कुठल्या शब्दावर मोडला ते टिपा. तो शब्दच तुमचा पुरावा आहे.

तिसरी चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, 'जैसे थे'ची. सिटकॉमचा नियम असा की भागाच्या सुरुवातीला घडी विसकटते आणि शेवटी ती पुन्हा बसते. म्हणून प्रत्येक भागासाठी तीन वाक्यं लिहा: सुरुवातीला काय होतं, मध्ये काय बदललं, शेवटी काय परत आलं. मग विचारा की मधला बदल कोणी घडवला होता आणि तो पुसला गेल्याने कोणाचं नुकसान झालं. सुनेने नोकरी धरली, सासऱ्याने स्वयंपाक केला, मुलाने आईला नाही म्हटलं. यांतलं पुढच्या भागात काय उरलं? बारा भागांची ही छत्तीस वाक्यं एकाखाली एक ठेवली की संख्या न मोजताही चित्र दिसू लागतं. लांब मालिकांत काही बदल टिकतात, तेही याच यादीत सापडतात. 'बिग बँग'मध्ये पेनी वेट्रेसची नोकरी सोडून औषधकंपनीत विक्रीचं काम घेते आणि तो बदल टिकतो. बाराव्या पर्वात ती मूल नको म्हणते, शेवटच्या भागात मात्र ती गरोदर असते. एकाच पात्राचा एक निर्णय टिकला आणि एक मागे घेतला गेला. अशी जोडी सापडली तर तिच्यावर स्वतंत्र परिच्छेद लिहा.

पुरुष पात्रांना हीच शिस्त लावा. इथे बहुतेक प्रबंध आळस करतात. रोसेशचा आवाज, त्याच्या कविता, 'मॉम्मा'ला चिकटून राहणं, यांवर इंद्रवदन सतत तुटून पडतो, आणि ते बापाच्या प्रेमळ खोडीच्या वेषात येतं. पुरुषाने कसं असू नये याची पूर्ण यादी त्या विनोदांतून काढता येते. 'हम पाँच' या पाच मुलींच्या घरावरच्या मालिकेतली काजल मुलासारखे कपडे घालते, दादागिरी करते आणि 'काजल भाई' म्हणून प्रेक्षकांची लाडकी होते. मुलीने पुरुषी वागणं आणि मुलाने बायकी वागणं, या दोन्हींना विनोदात सारखी किंमत मिळते का, हे तक्त्यातले रकाने २ आणि ४ शेजारी ठेवले की कळतं. 'हम पाँच'मध्येच प्रिया तेंडुलकर वारलेल्या पहिल्या बायकोच्या भूमिकेत भिंतीवरच्या फोटोतून नवऱ्याशी, म्हणजे अशोक सराफांशी बोलतात. १९८५ मध्ये 'रजनी' या मालिकेतली लढाऊ गृहिणी म्हणून देशभर माहीत झालेली अभिनेत्री चौकटीत आहे, पण शेवटचा शब्द तिचा असू शकतो. रकाना ५ आणि रकाना ६ असे एकमेकांविरुद्ध गेले की घाईने निकाल देऊ नका.

दुसऱ्या माणसाकडून पडताळणी

एकूण भागांपैकी किमान दोन भाग दुसऱ्या कोणीतरी स्वतंत्रपणे नोंदवायला हवेत, आणि ती व्यक्ती शक्यतो तुमच्याच वयाची आणि लिंगाची नसावी. नुसता 'आमचं ८२ टक्के जुळलं' हा आकडा फसवा असतो, कारण काही जुळणी योगायोगानेही होते. त्यासाठी 'कोहेनचा कप्पा' (Cohen's kappa) हा योगायोग वगळून जुळणी सांगणारा आकडा काढतात: प्रत्यक्ष जुळणीतून योगायोगाची जुळणी वजा करायची, आणि उत्तराला एकातून योगायोग वजा केलेल्या संख्येने भागायचं.

समजा १०० विनोद आहेत. तुमच्या मते ६० बाईवर, ४० पुरुषावर. जोडीदाराच्या मते ५६ आणि ४४. दोघांचं ८२ ठिकाणी जुळलं. योगायोगाची जुळणी ०.६० × ०.५६ अधिक ०.४० × ०.४४, म्हणजे ०.५१२. आता ०.८२ वजा ०.५१२ म्हणजे ०.३०८. त्याला ०.४८८ ने भागलं की ०.६३. हे कामचलाऊ आहे. ०.७० च्या वर जावं असा प्रयत्न करा. जमत नसेल तर न जुळलेले १८ विनोद एकत्र बसून पाहा. गोंधळ बहुधा एकाच गोष्टीचा निघतो: पात्राने स्वतःचीच थट्टा केली तर ती कोणावर धरायची? नियम लिहून ठेवा, आणि नियम बदलल्यावर आधीच्या दोन भागांऐवजी नवे दोन भाग घेऊन पडताळणी करा.

प्रेक्षकांना विचारताना

'तुम्ही कोणत्या पात्राशी रिलेट करता?' हा प्रश्न विचारू नका. उत्तरात लोक आवडतं पात्र सांगतात, आणि आवडणं म्हणजे स्वतःला तिथे पाहणं नव्हे. मायाचे संवाद पाठ असणाऱ्या किती तरी जणी घरात मोनिषाच्या जागी असतात. एका प्रश्नात चार वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, म्हणून चार वाक्यं द्या आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण मागा:

'माझं वागणं, माझं घर या पात्रासारखं आहे.' हे साम्य.
'या प्रसंगात तिच्या मनात काय चाललं होतं ते मला आतून जाणवलं.' हे तादात्म्य.
'मला तिच्यासारखं वागता-बोलता यायला हवं होतं.' ही इच्छा.
'ती माझ्या ओळखीची असावी, गप्पा माराव्यात असं वाटतं.' ही मैत्री. माध्यमातल्या व्यक्तीशी वाटणाऱ्या या एकतर्फी नात्याचा अभ्यास हॉर्टन आणि वोल यांच्या १९५६ मधल्या लेखापासून सुरू आहे. तादात्म्य त्याहून निराळं का, हे जोनाथन कोहेन यांनी २००१ मध्ये मांडलं.

ही वाक्यं प्रसंग दाखवल्यानंतर लगेच द्या, दोन दिवसांनी नको. प्रसंग तीन ते चार मिनिटांचा असावा, आणि निदान दोन असावेत: एक ज्यात बाईवर विनोद आहे, दुसरा ज्यात पुरुषावर. अर्ध्या लोकांना ते उलट क्रमाने दाखवा. आधी एक मोकळा प्रश्न ठेवा, 'आत्ता काय घडलं ते तुमच्या शब्दांत सांगा'. कोणाच्या बाजूने गोष्ट सांगितली जाते, हे पहिल्या दोन वाक्यांतच कळतं. अभ्यास स्त्री-पुरुष चित्रणाचा आहे हे शेवटी सांगा. आधी सांगितलंत तर लोक तुम्हाला हवं ते उत्तर देण्याचा प्रयत्न करतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

मुलाखत कोणासमोर होते आहे याने उत्तर बदलतं. सासू त्याच खोलीत बसलेली असताना सून मायाबद्दल मोकळेपणाने बोलणार नाही, आणि सासूही सुनेसमोर मोनिषाबद्दल बोलणार नाही. नवरा चहा घेऊन आत-बाहेर करत असेल तरी तेच. घराबाहेर भेटा, किंवा घरात असाल तर लिहून घ्या. गटचर्चा करायची तर ६ ते ८ जण, तासभर ते सव्वा तास, आणि गट वयाप्रमाणे वेगळे: विशीतल्या-तिशीतल्या एका गटात, पंचेचाळिशीच्या पुढच्या दुसऱ्यात. त्याच मोनिषाकडे एक गट सुनेच्या जागेवरून पाहतो, दुसरा सासूच्या. 'साराभाई'साठी वस्तीचाही विचार करा. 'मिडल क्लास' हा शब्द डोंबिवलीच्या चाळीतून आलेल्या माणसाला आणि ब्रीच कँडीच्या रहिवाशाला एकसारखा लागणार नाही.

मुलं-मुली असतील तर एक गोष्ट आधीपासून माहीत असू द्या. मुली मुलग्याचं पात्र सहज निवडतात, मुलगे बाईचं पात्र फारसं निवडत नाहीत, आणि मित्रांसमोर तर जवळजवळ नाहीच. म्हणून मुलग्यांना हात वर करायला सांगू नका, चिठ्ठीवर लिहून घ्या. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची लेखी संमती घ्या, सर्वांची नावं बदला, आणि रेकॉर्डिंग कधी पुसणार ते सुरुवातीलाच सांगा.

अलीकडे आणखी एक काळजी घ्यावी लागते. 'साराभाई' पुष्कळांना मीम्समधून आणि तीस सेकंदांच्या तुकड्यांतून माहीत आहे. तुकड्यांत टोमणा असतो, टोमण्यानंतरचा मोनिषाचा चेहरा कापलेला असतो. 'पूर्ण भाग किती पाहिलेत?' हा प्रश्न अर्जावर ठेवा आणि तुकडे पाहणाऱ्यांची उत्तरं वेगळी मोजा. दोन्ही गटांची तुलना हाच एक स्वतंत्र प्रकल्प होऊ शकतो, आणि चांगला होईल.

दोन्ही बाजू जोडताना

शेवटी तक्ता आणि प्रेक्षकांचे गुण शेजारी ठेवा. आकडे नेहमी एकूण किती त्यासह लिहा: '४० विनोदांपैकी २६ मोनिषावर', नुसते '६५ टक्के' नको. 'मालिका स्त्रीविरोधी आहे' असं वाक्य बारा भागांतून निघत नाही. 'घरकामावरचे विनोद सुनेवर होतात, त्याच घरातल्या मुलावर होत नाहीत' असं वाक्य निघू शकतं. मायाला मालिकेतली सगळ्यात तीक्ष्ण भाषा मिळाली आहे हेही लिहा, आणि ती भाषा पडदे, जेवणाचं टेबल, सुनेचे कपडे यांच्यापलीकडे किती वेळा गेली ते मोजून लिहा.

जिथे तक्ता एक सांगतो आणि प्रेक्षक दुसरं, तिथे सरासरी काढून भांडण मिटवू नका. समजा बहुतेक विनोद मोनिषावर आहेत आणि तादात्म्याचे सर्वाधिक गुणही तिलाच आहेत. असे चार-पाच प्रसंग काढा, दोन-तीन प्रेक्षकांना पुन्हा बोलवा, प्रसंग टोमण्याच्या आधी थांबवून विचारा, 'आता तिने काय बोलावं?' मग टोमण्यानंतर थांबवा आणि तेच विचारा. दोन्ही उत्तरं शब्दशः लिहून घ्या, आणि प्रबंधात ती जशीच्या तशी छापा.